इन्सुलिन पेशीबाहेर कसं पडतं?

इन्सुलिन बनवते ती स्वादुपिंडातली बीटा पेशी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या आत दिसणारे काळे ठिपके म्हणजे इन्सुलिनने भरलेल्या पुटिका, पटलाच्या इवल्या पिशव्या. एका पेशीत अशा साधारण 10,000 असतात.

रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, विणली जाते ती साखळी 110 अमिनो आम्लांची. इन्सुलिनमध्ये त्यातली फक्त 51 उरतात. बाकीची वाटेत गळतात, पण कामं उरकून.

पहिली 24 म्हणजे पत्ता. साखळी अजून अर्धवट असतानाच हा शेंडा बाहेर डोकावतो. एक वाहक कण त्याला पकडतो आणि रायबोसोमसकट आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या) पटलावर नेऊन टेकवतो. तिथल्या छिद्रातून साखळी आत सरकते, पत्ता कापला जातो. प्रथिनाचा पत्ता प्रथिनातच असतो, या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना 1999 मध्ये नोबेल मिळालं.

उरली 86. आता तिची घडी पडायची, आणि खरी गडबड होते ती इथेच. साखळीत सिस्टीन नावाची, गंधक असलेली सहा अमिनो आम्लं आहेत. त्यांच्या ठरलेल्या तीन जोड्या गंधकाच्या बंधांनी जुळाव्या लागतात. मधला 31 अमिनो आम्लांचा तुकडा, सी-पेप्टाइड, दोन्ही टोकं समोरासमोर आणतो. मूळ 110 च्या मोजणीतल्या 96 व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन हे दुसरं अमिनो आम्ल आलं, तर एका सिस्टीनला जोडीदारच उरत नाही. असे बिघडलेले रेणू जालिकेत साचतात, चांगल्या रेणूंनाही अडकवून ठेवतात. म्हणून जनुकाची एक प्रत धड असूनही तान्ह्या बाळाला मधुमेह होतो.

घडी नीट बसली की माल गॉल्गी संकुलातून, म्हणजे पेशीच्या पॅकिंग विभागातून, पुटिकांमध्ये भरला जातो. पुटिकेचं आतलं द्रव आम्लधर्मी होत जातं, सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास येतो, तशी कापणारी विकरं (एन्झाइम) कामाला लागतात. सी-पेप्टाइड सुटतं, टोकांची चार अमिनो आम्लं छाटली जातात. तयार इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती गोळा होतात. पुटिकांमध्ये काळं दिसतं, ते हेच स्फटिक.

रक्तात साखर वाढली की पेशीत एटीपी, म्हणजे ऊर्जा वाहणारा रेणू, वाढतं, पोटॅशियमच्या वाहिन्या बंद होतात, कॅल्शियम आत येतं आणि पुटिका पेशीपटलाशी एकरूप होऊन रिकामी होते. इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर सी-पेप्टाइडचाही एक रेणू बाहेर पडतो. इंजेक्शनच्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. त्यामुळे इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाचं स्वतःचं स्वादुपिंड किती इन्सुलिन बनवतंय, हे सी-पेप्टाइडच्या तपासणीत कळतं. मूत्रपिंडं निकामी असतील तर मात्र हा आकडा फुगलेला येतो, कारण सी-पेप्टाइडचा निचरा मुख्यतः तिथूनच होतो.