सिझरच्या टेबलावर बीपी का पडतं?

(नाशिक येथे सर्वसाधारण श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सिझरसाठी पाठीत भुलीचं इंजेक्शन, म्हणजे स्पायनल, दिलं आणि बाईचं बीपी पडलं, की बाहेर बसलेले नातेवाईक हमखास म्हणतात, 'घाबरली असेल', नाहीतर 'पहिल्यापासून अशक्तच आहे'. यात त्या बाईवर अन्याय होतो. तिच्या शरीरात काय चाललंय ते आपल्याला कळलं पाहिजे, म्हणून आज हा विषय घेतला.

कंबरेच्या मणक्यांमधून सुई घालून आम्ही आतल्या पाण्यात दोन मिलीच्या आसपास बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध सोडतो. काही मिनिटांत छातीपासून खालचा भाग बधिर होतो. पण दुखणं पोचवणाऱ्या नसांबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या सिम्पथेटिक नसाही गप्प होतात. वाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे साचतं. गंगापूर धरणातून पाणी तेवढंच सुटलं आणि पाट मात्र एकाएकी रुंद झाला, तर टोकाच्या शेतापर्यंत पाण्याला जोर राहील का? इथे टोकाचं शेत म्हणजे बाळाला रक्त पुरवणारी वार (प्लासेंटा). वारेकडे जाणारं रक्त आईच्या बीपीवरच अवलंबून असतं. आईचं घसरलं की बाळाचा पुरवठा कमी होतो. शिवाय उताणं झोपवलं की भरलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देतं, म्हणून उजव्या बाजूला उशी देऊन तिला डावीकडे कलतं ठेवतात. आधीच काही उपाय केला नाही, तर निम्म्याहून जास्त जणींचं बीपी पडतं.

आता खरा प्रश्न. डोस तोच, भूल तेवढीच वर चढलेली, तरी एकीचं वरचं बीपी 110 वर टिकतं आणि दुसरीचं 75 वर येतं. असं का? वजन, बाळाचा आकार, शरीरातलं पाणी, ही कारणं आहेतच. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईचं बीपी स्पायनलनंतर बहुधा इतरांपेक्षा कमी घसरतं, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. पण एवढ्याने सगळा फरक उलगडत नाही. काही वाटा जन्माने मिळालेला असतो.

पाचव्या गुणसूत्रावर एडीआरबी-2 नावाचं जनुक आहे. अ‍ॅड्रेनलिन पेशीला जिथे जाऊन चिकटतं, तो बीटा-2 ग्राही या जनुकाच्या सांगण्यावरून बनतो. ग्राही म्हणजे 413 अमिनो आम्लांची, प्रथिनाच्या मण्यांची, साखळी. तिच्या 16व्या जागी कुणाकडे आर्जिनिन असतं, कुणाकडे ग्लायसिन. 27व्या जागी ग्लुटामिन किंवा ग्लुटामिक आम्ल. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 2006 मध्ये सिझरच्या 170 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आई-वडील दोघांकडूनही 16व्या जागी ग्लायसिन, किंवा 27व्या जागी ग्लुटामिक आम्ल आलेल्या स्त्रियांना बीपी सावरायला एफेड्रिन हे बीपी वाढवणारं औषध कमी लागलं.

सुरगाणा-पेठकडच्या मंडळींना सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी माहीत आहे. तिथेही साखळीतलं एकच आम्ल बदलतं, आणि दोन्हीकडून तोच बदल आला तर आजार ठरलेला. इथे तसं समजू नका. एडीआरबी-2 चे हे प्रकार म्हणजे आजार नव्हे, दोन्ही प्रकारची माणसं धडधाकट असतात. फक्त शरीराचा कल थोडा इकडे किंवा तिकडे झुकतो, आणि बीपीवर असा प्रभाव टाकणारी जनुकं पुष्कळ आहेत.

म्हणूनच हाँगकाँगमध्ये चिनी स्त्रियांवर झालेला अभ्यास, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला, मला फार मोलाचा वाटतो. तिथे आईच्या प्रकारामुळे औषधाच्या गरजेत फरक दिसला नाही. फरक दिसला तो बाळात! एफेड्रिन वार ओलांडून बाळापर्यंत जातं आणि त्याच्या रक्तातली आम्लता वाढवू शकतं. पण 16व्या जागी दोन्हीकडून आर्जिनिन आलेल्या बाळांमध्ये ती कमी वाढली. म्हणजे आईला दिलेल्या औषधाचा बाळावर होणारा परिणाम बाळाच्या स्वतःच्या जनुकावरही अवलंबून होता. आणि त्या जनुकातला अर्धा वाटा बापाचा! बीपी पडण्याला आईचा अशक्तपणा म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

न्यूयॉर्कचा निष्कर्ष हाँगकाँगला लागू पडला नाही, तर तो नाशिकला लागू पडेल असं मी कशाच्या आधारावर म्हणू? निफाडच्या, त्र्यंबकच्या, मालेगावच्या स्त्रियांचा अभ्यास इथेच व्हायला हवा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. भूलशास्त्राचे एमडीचे विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात. अनेक कॉलेजांनी मिळून एकाच पद्धतीने नोंदी ठेवल्या, तर मोठं काम उभं राहील, आणि ते व्हावं ही माझी मनापासून इच्छा आहे.

आज सिझरआधी कुणाचं जनुक तपासायची गरज नाही. स्पायनल दिल्याबरोबर फिनाइलेफ्रिन या बीपी टिकवणाऱ्या औषधाचं ड्रिप सुरू करावं आणि वरचं बीपी मूळच्या 90 टक्क्यांखाली जाऊ देऊ नये, असं तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2018 मध्ये सांगितलं आहे. आपल्याकडे त्याच कामासाठी मेफेंटरमिनही सर्रास वापरतात. बाळ बाहेर येईपर्यंत आम्ही दर एक-दोन मिनिटांनी बीपी घेतो, ते एवढ्यासाठीच.

तुम्ही काय करायचं? बीपीच्या गोळ्या चालू असतील, किंवा आधीच्या सिझरला बीपी फार खाली गेलं असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. जुना डिस्चार्ज कागद बरोबर आणा. बहिणीला काही झालं नाही म्हणून आपल्यालाही होणार नाही, असं धरून चालू नका. सख्ख्या बहिणींची जनुकंही सगळी सारखी नसतात. आणि टेबलावर मळमळलं, कानात गुंई झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर डॉक्टर रागावतील म्हणून गप्प राहू नका. त्याच क्षणी बोला, कारण पुष्कळदा मशीनवर आकडा उमटण्याआधी ते तुम्हालाच कळलेलं असतं.