गढूळ पाण्यातलं बेट

दृश्य : नेरूळचा किनारा, जानेवारीतली सकाळ. ओल्या वाळूवर पावलांच्या खुणा. फक्त पाण्याचा आवाज.

साडेसात वाजलेत. बार्देशातल्या नेरूळला ओहोटी लागली आहे आणि आमची बोट वाळूपासून थोडी आत, गुडघाभर पाण्यात उभी आहे. चपला हातात, कपडे वर खोचलेले, असे एकेक जण चढताहेत. सोळा माणसं, बहुतेक डिचोली आणि सत्तरीची. आम्ही गोव्याचेच, पण कुळागरांच्या, म्हणजे सुपारीच्या बागांच्या, आणि डोंगरांच्या गोव्यातले. काहींनी आजवर समुद्र पाहिला तो मिरामारच्या वाळूवर उभं राहून.

सगळ्यांत मोठ्या आहेत सत्तरीच्या एक आजी. पंच्याहत्तरी ओलांडलेली, सोबत कॉलेजात शिकणारी नात. आजी फळीवर नीट बसल्या, नातीकडून लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून घेतले आणि समोरच्या पाण्याकडे बोट करून त्यांनी तांडेलाला विचारलं, "ही आमचीच म्हादय न्हय?"

तांडेलकाका हसले. "हय आजी. हांगा तिका मांडवी म्हण्टात."

जायचं होतं ग्रांद बेटावर. डॉल्फिन बघायचे, पक्षी बघायचे, मग बेटाच्या आडोशाला पाण्यात उतरून प्रवाळ आणि मासे बघायचे. पण आजींच्या त्या प्रश्नामुळे दिवसभर मी बेटापेक्षा पाण्याकडेच जास्त बघत राहिलो.

दृश्य : बोट मुखाकडे निघते. डावीकडे पणजीची किनाररेषा, पाणी हिरवट, तळ दिसत नाही.

खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावलेली म्हादई घाट उतरून सत्तरीत येते, डिचोली-फोंड्याच्या मधून वाहते, आणि खाली मांडवी म्हणून आग्वाद आणि काबो या दोन भूशिरांच्या मधून समुद्राला मिळते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. रानातला पालापाचोळा, कुजलेली पानं, शेतातली माती, सगळं घेऊन नदी इथवर येते. किनाऱ्यालगतच्या समुद्रात पावसाळ्यात खोलातलं गार, खतावलेलं पाणीही वर येतं. या दोन्हींवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म जीव, त्यांवर तारल्या, बांगडे, बोय. पाण्याचा हिरवा रंग मुख्यतः या सूक्ष्म वनस्पतींचा.

गोव्यात स्नॉर्केलिंग करून परतणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते. पाणी स्वच्छ नाही, अंदमानसारखं दिसत नाही. तक्रार खोटी नाही. आजही चांगला दिवस असूनही तांडेलकाका म्हणाले की तीन-चार मीटरपलीकडे काही दिसायचं नाही. पण जे बघायला आपण पैसे भरून येतो, ते या पाण्यावर जगतं. निळंशार, तळ दिसणारं पाणी अनेकदा उपाशी पाणी असतं.

दृश्य : आग्वादचा किल्ला मागे पडतोय. तांडेल हात वर करतात. मशीन बंद.

आग्वादचा किल्ला १६१२ साली पुरा झाला. त्याच्या नावातच पाणी आहे. इथलं गोडं पाणी भरून घ्यायला जहाजं थांबत. आम्हीही इथेच थांबलो. खलाशी पोराने मशीन बंद केलं आणि बोट लाटांवर नुसती डोलत राहिली. कुणी काही बोलेना. पाच मिनिटं. दहा मिनिटं. डोक्यावर ब्राह्मणी घारी, विटकरी पाठ आणि पांढरं डोकं, मासेमारी होड्यांच्या मागे घिरट्या घालताहेत.

आणि मग डाव्या अंगाला, अगदी जवळ, श्वास. कुणीतरी जोरात फुंकर मारावी तसा.

दृश्य : करडी पाठ, उंचवटा, त्यावर छोटा पर. पुन्हा पाणी. आवाज तसाच ठेवावा, संगीत नको.

कोकणातले जुने मच्छीमार याला गादा म्हणतात. शास्त्रीय नाव सूसा प्लुम्बिया, पाठीवर कुबड असलेला हिंदी महासागरातला डॉल्फिन. पाठ वर आली की आधी उंचवटा दिसतो आणि त्यावर बसवल्यासारखा पर. लांबी अडीच मीटरच्या आसपास. मोकळ्या समुद्रातले डॉल्फिन बोटीपुढे उड्या मारत पळतात, तसे हे फारसे करत नाहीत. हे लाजरे. खोल समुद्रात जात नाहीत. किनाऱ्याची चिंचोळी पट्टी, उथळ पाणी आणि नद्यांची मुखं हेच त्यांचं घर. २०१४ मध्ये त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. जगभरात संकटात असलेल्या प्राण्यांच्या यादीत ते आहेत, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण दिलेलं आहे. आमच्यासमोर चार होते. एक लहान, आईच्या कुशीला चिकटून, तिचा श्वास झाला की लगेच त्याचा. मादीच्या पोटात पिल्लू सुमारे वर्षभर वाढतं आणि दोन पिल्लांमध्ये काही वर्षांचं अंतर असतं. एक पिल्लू जाळ्यात गेलं तर ती जागा लवकर भरून येत नाही.

या गढूळ पाण्यात त्यांना दिसतं कसं? ते मुख्यतः कानांनी बघतात. डोक्यातून टिकटिक असा बारीक, झपाट्याचा आवाज सोडतात. तो माशावर आपटून परत येतो आणि त्यावरून मासा कुठे आहे, किती मोठा आहे, कुठे चाललाय ते त्यांना कळतं. परतलेला आवाज ते मुख्यत्वे खालच्या जबड्यातून आत घेतात. जबड्यातल्या चरबीतून आवाज आतल्या कानापर्यंत पोहोचतो. माती त्यांच्या आड येत नाही. त्यांच्या आड येतो तो आवाज.

दहा वाजेपर्यंत आणखी सहा बोटी आल्या. पाठ दिसली की मशीन वाढवायचं, वळायचं, पुढून आडवं जायचं. शिट्ट्या, टाळ्या. चौघे बुडाले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. आले ते लांब, काबोच्या बाजूला. आपल्या डोळ्यांत मूठभर माती फेकली तर जसं होईल, तसं सहा इंजिनांनी त्यांच्या कानांचं होत असणार. मला तिथे फार वाईट वाटलं, आणि ते लपवायचं काही कारण नाही. पर्यटक बिचारे हौसेने आलेले असतात, तांडेलांची पोटं या फेऱ्यांवर आहेत. पण शंभर मीटरवर मशीन बंद करून वाट बघणारी बोट जे दाखवते, ते पाठलाग करणारीला दिसत नाही. आमचे तांडेलकाका पूर्वी कांडाळ टाकायचे, मासे धरायचे. ते म्हणाले, "गादा आपणहून येतो. त्याला भिवडवलं की गेला."

काबोवरचं राजभवन मागे गेलं. झुआरीचं मुख ओलांडताना वारा सुटला, दोघांना बोट लागली, आल्याचे तुकडे वाटले गेले. मुरगावच्या बाहेर नांगरलेली जहाजं. एका जहाजाच्या सावलीतून समुद्री साप पोहत गेला, चपट्या वल्ह्यासारखी शेपटी हलवत.

दृश्य : ग्रांद बेट. काळे खडक, माथ्यावर दाट झाडी. एका वठलेल्या फांदीवर मोठा पक्षी.

बेटावर उतरलो नाही. आडोशाला बोट थांबली आणि पहिलं लक्ष गेलं फांदीकडे. समुद्रगरुड. पोट पांढरंशुभ्र, पाठ राखी, उघडले तर पंख दोन मीटरचे. मासे खातो, समुद्री सापही उचलतो. एकच घरटं वर्षानुवर्षं वापरतो, दरवर्षी त्यात काटक्यांची भर घालत. आम्ही होतो तितका वेळ तो हलला नाही, आणि आमच्यातल्या एका लहान मुलाने दुर्बीण सोडली नाही.

तांडेलकाका पाण्यात उतरू देईनात. घड्याळ बघत होते. सकाळच्या सुकतीला नदीचं पाणी बाहेर येतं, म्हणाले, त्यात काय दिसणार? भरती लागली की बाहेरचं पाणी आत येतं. त्यांनी नांगरही इथे टाकला नाही. खडकापासून लांब, वाळूवर टाकला आणि दोर सोडला. प्रवाळावर पडलेला एक नांगर पन्नास वर्षांची वाढ एका क्षणात मोडू शकतो.

साडेअकराला भरती धरली.

दृश्य : पाण्याखाली. स्वतःच्या श्वासाचा आवाज. आधी काहीच नाही, फक्त हिरवं.

मास्कच्या काचेला थुंकी चोळून घेतली, म्हणजे वाफ धरत नाही. नळी तोंडात. पहिली दोन मिनिटं शरीर ऐकत नाही, तोंडाने श्वास घ्यायला मन तयार होत नाही. मग एकदम सगळं शांत होतं.

खाली हिरवं धुकं. त्यातून हळूहळू खडक वर येतो. आणि मग पट्टेदार मासे, पिवळी पाठ आणि अंगावर काळे उभे पट्टे, पंचवीस-तीस, सरळ तोंडासमोर. त्यांना भाकरी-पाव खाऊ घालायची सवय लावलेली आहे, म्हणून ते माणसाकडे येतात. शेवाळ आणि बारीक जीव खाणाऱ्या माशाच्या पोटाला पाव कशाला? आमच्या बोटीवर पाव नव्हता. थोड्या वेळाने ते कंटाळून खडकाकडे गेले आणि मग खरी गंमत सुरू झाली. कपारीत गोबरा, जाड ओठ, डोळे फिरवतोय. काटेरी समुद्री सुपाऱ्या (सी-अर्चिन), काळ्या लांब सुयांच्या. पोपटमासा खडकाला चोच मारतोय आणि त्याचा करकर आवाज पाण्यातून स्पष्ट ऐकू येतोय.

पाणी गढूळ असलं की माणूस लांब बघत नाही. हातभर अंतरावरचं बघतो. मी वीस मिनिटं एकाच खडकावर होतो.

दृश्य : पानासारखं पसरलेलं पिवळसर-तपकिरी प्रवाळ. कॅमेरा जवळ, पण स्पर्श नाही.

हे पोवळं. दिसायला कोबीच्या उलगडलेल्या पानांसारखं, शास्त्रात याला टर्बिनेरिया म्हणतात. शेजारी दगडाला लेप दिल्यासारखं पसरलेलं पोराइटिस. हा दगड नाही, वनस्पतीही नाही. हजारो छोटे प्राणी एकमेकांना चिकटून आपल्या अंगाभोवती चुन्याचं घर बांधतात, आणि त्यांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहतं. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला देतं. म्हणजे प्रवाळाला ऊन हवं. इथे तर ऊन गाळातून गाळून येतं, वर पावसाळ्याचे चार महिने मातीचा पाऊस वेगळाच. तरी ते आहे. अंगावर बसलेला गाळ हे प्राणी चिकट द्रवात गुंडाळतात आणि बारीक केसांनी ढकलून देतात. दिवसरात्र झाडलोट. ज्या जातींना हे जमलं, त्या इथे टिकल्या. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या बेटाभोवतीच्या प्रवाळांचा अभ्यास केला आहे. पाणी तापलं की त्यातलं शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं, ते इथेही घडलेलं आहे.

झाडलोटीलाही मर्यादा असते. मी डिचोलीचा. आमच्या लहानपणी पहिल्या पावसात ओहोळ रक्तासारखे लाल वाहायचे. खाणीच्या मातीचे डोंगर उघडे पडलेले असायचे आणि ती माती नदीत, नदीतून इथे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत थांबल्या. आमच्या तालुक्यात कितीतरी घरांत चूल त्यावर चालायची, ते मी विसरलेलो नाही. पण रानातून येणारा गाळ आणि खोदलेल्या डोंगरातून येणारा गाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पिवळ्या पानावर चेहरा आणून बघताना मला आमचा ओहोळ आठवला.

सगळ्या कठीण प्रवाळांना २००१ पासून कायद्याचं संरक्षण आहे. तुकडा उचलणं गुन्हा आहे. पण इथे मोडतं ते उचलल्यामुळे कमी आणि उभं राहिल्यामुळे जास्त. दमलं की पाय टेकायला खडक शोधायचा, ही आपली सवय. त्या खडकावर कुणी राहत असतं.

नात वर आली ती दात वाजवत. "आजी, खाली माशे दगड चावतात," एवढंच सांगून पुन्हा बुडाली.

दृश्य : बोटीवर जेवण. भात, हुमण, सोलकढी, तळलेले बांगडे.

आज सोमवार. आजींनी वरण-भात घेतला.

दृश्य : परतीचा प्रवास. ऊन तिरपं. भरतीचं पाणी मांडवीत शिरतंय.

दुपारी तीनला पुन्हा नदीच्या मुखाशी आलो. भरती जोरात होती, बोटीला ढकलायचीही फारशी गरज नव्हती. आजींनी वाकून पाण्यात हात बुडवला, बोट जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग तांडेलकाकांना विचारलं, हे पाणी वर कुठवर जातं?

"गांजेपर्यंत," ते म्हणाले. मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर. तिथवर पाणी खारट राहत नाही, पण भरतीचा फुगवटा पोहोचतो.

आजी एकदम सावरून बसल्या. गांजे म्हणजे त्यांचं माहेर. लहानपणी नदीवर कपडे धुवायला जायच्या. पाऊस नाही, काही नाही, आणि पायरीवर ठेवलेलं लुगडं भिजायचं. पाणी चढलेलं असायचं. पुन्हा थोड्या वेळाने उतरायचं. कुणाला विचारलं तर, नदी श्वास घेते, असं आई सांगायची.

त्यांनी मागे वळून समुद्राकडे पाहिलं, मग पुढे, नदीकडे. बोट वाळूला लागली, सगळे उतरले, नात हाक मारत होती. आजी काही वेळ तशाच बसून होत्या, ओला हात मांडीवर उताणा ठेवून.