मोनेचा तो केशरी सूर्य

नमस्कार मंडळी. रेडिओवरून चित्राबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईतच, पण हे चित्र मोबाईलवर लगेच सापडतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज'. उघडून ठेवा, मग ऐका.

फ्रान्समधलं ल हाव्र बंदर, साल १८७२. मोने लहानाचा मोठा झाला तो याच गावात, आणि हे चित्र त्याने तिथल्या एका हॉटेलच्या खिडकीतून बघून काढलं. समोर निळसर राखाडी धुकं, मागे डोलकाठ्या, क्रेन, धूर ओकणारी धुरांडी, सगळं पुसट पुसट. पुढे एक काळपट होडी, त्यात दोन माणसं, आणि वर तो केशरी गोळा. रंग इतका पातळ लावलाय की काही ठिकाणी नुसता पोचारा मारल्यासारखा वाटतो, पण पाण्यात सूर्याचं जे प्रतिबिंब आहे ना तिथे मात्र केशरी रंगाचे जाड जाड फटकारे, एकाखाली एक.

आता खरी गंमत. हा फोटो मोबाईलमध्येच ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. सूर्य जवळजवळ गायब होतो! कारण तो आजूबाजूच्या आभाळापेक्षा उजळ नाहीचे, फक्त रंग वेगळा. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांनी हे छान समजावून सांगितलंय, आपल्या मेंदूचा एक भाग रंग बघतो आणि दुसरा भाग फक्त उजेड-अंधार बघून कुठली वस्तू कुठे आहे ते ठरवतो, त्या दुसऱ्याला हा सूर्य दिसतच नाही, म्हणून तो जागेवर ठरत नाही, थरथरल्यासारखा वाटतो. मोनेला हे विज्ञान कुठून माहीत असणार, नजर पक्की होती बाबाची, दुसरं काय.

१८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला फोटोग्राफर नादारच्या जुन्या स्टुडिओत मोने, रनुआर, देगा, पिसारो वगैरे चित्रकार मंडळींनी स्वतःच प्रदर्शन भरवलं, त्यात हे लागलं. मोनेने पुढे सांगितलं, की कॅटलॉगसाठी नाव विचारलं तेव्हा ल हाव्रचा देखावा म्हणून हे काही खपणार नाही असं वाटलं, म्हणून म्हटलं, 'इम्प्रेशन' लिहा, म्हणजे मनावर उमटलेली नुसती छाप. झालं! लुई लरुआ नावाच्या टीकाकाराने 'ल शारिव्हारी' या विनोदी वृत्तपत्रात टर उडवली, भिंतीला लावायचा अर्धाकच्चा वॉलपेपरसुद्धा यापेक्षा पूर्ण वाटतो म्हणे, आणि मथळ्यात सगळ्यांनाच 'इम्प्रेशनिस्ट' करून टाकलं. मला विचाराल तर चित्र अर्धवट दिसतं हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं, पण त्यात बिघडलं काय हे त्याला कळलं नाही.

एर्नेस्त ओशदे या कापड व्यापाऱ्याने ते ८०० फ्रँकला घेतलं, चार वर्षांत त्याचं दिवाळं वाजलं आणि लिलावात २१० फ्रँकला गेलं. पुढे ते पॅरिसच्या मार्मोतां म्युझियममध्ये आलं, तर १९८५ मध्ये भरदिवसा बंदूक दाखवून चोरलं, इतर आठ चित्रांसकट. पाच वर्षांनी पोलिसांना कॉर्सिका बेटावर सापडलं. आता परत मार्मोतांमध्येच आहे, पॅरिसला गेलात तर लूव्हरच्या रांगेतून थोडा वेळ काढून तिकडे जाच.