मास्टर्स क्रिटेरियम: शेवटच्या वळणाआधी तुम्ही कुठे आहात?

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ चाळिशी-पन्नाशीतल्या सायकलस्वारांसाठी आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, लंडनकडे राहणारे आपले बरेच लोक शनिवार-रविवारच्या ग्रुप राइडला तगडी सायकल चालवतात. मग एखाद्या रविवारी हौसेने मास्टर्स क्रिटेरियमला नाव देतात, दहा-बारा मिनिटांत घोळक्यामागे सुटतात आणि घरी येऊन म्हणतात, वय झालं आता. बहुतेक वेळा कारण वय नसतं. घोळक्यात तुम्ही कितव्या नंबरवर होतात, ते आधी सांगा.

क्रिटेरियम म्हणजे गावातले चार रस्ते बंद करून केलेलं एक-दीड किलोमीटरचं चक्कर, आणि त्यावर ठरावीक वेळ शर्यत. अमेरिकेत याची मुळं खोल आहेत. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जाताना तुम्ही सॉमरव्हिलची पाटी पाहिली असेल. तिथे १९४०पासून ही शर्यत आहे. पहिली दोन वर्षं जिंकणारा फरमन कुगलर आणि १९४२चा विजेता कार्ल अँडरसन, दोघंही दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. मुख्य शर्यत आजही त्या दोघांच्या नावाने होते.

मास्टर्स म्हणजे साधारण पस्तिशीपासून पुढचे वयोगट. आपल्याला सायकल शर्यत म्हटलं की मुंबई-पुणे आठवते, आणि मुंबई-पुणे म्हटलं की बोरघाट. घाटात वेग उतरतो, वाऱ्याचा अडथळा कमी होतो, ज्याच्या पायात दम तो पुढे जातो. म्हणून तिथे घाटाचा राजा निवडतात. क्रिटेरियमचा रस्ता बहुधा सपाट आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास. या वेगाला तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. समोरच्याचं चाक नीट धरलंत, म्हणजे त्याच्या अगदी मागे आडोशाला राहिलात, तर साधारण पाव ते एक-तृतीयांश ताकद वाचते. पण हे चाक धरणं सगळ्यांनाच माहीत असतं. खरा हिशोब वळणांवर होतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

[स्क्रीनवर: चार वळणांचा कोर्स]

समजा १.२ किलोमीटरचा कोर्स आहे, चार वळणं, ४५ मिनिटांची शर्यत, सरासरी वेग ४०. म्हणजे ३० किलोमीटर, २५ लॅप (चकरा), १०० वळणं. सरळ रस्त्यावर घोळका ४२ने चालला आहे. पहिले पाच-सहा जण मोकळ्या रस्त्यावरून वळणातून हवी ती लाइन, म्हणजे हवा तो मार्ग, घेतात आणि ३९पर्यंत उतरून बाहेर पडतात. मागे तिसावा माणूस काय करतो? सिग्नल हिरवा झाला की पहिली गाडी लगेच निघते आणि विसावी अजून पहिल्या गियरमध्येच असते, तसं त्याचं होतं. पुढच्याने ब्रेक मारला म्हणून यानेही मारला, तोही जास्त. तो ३२पर्यंत उतरतो. तोवर पुढचे पुन्हा ४२वर गेलेले असतात.

आता सायकल धरून तुमचं वजन ८० किलो धरा. ३९वरून ४२वर यायला लागणारी ऊर्जा सुमारे ७५० जूल. ३२वरून ४२वर यायला सुमारे २,२८० जूल. तिप्पट! पाच सेकंदांत ती भरून काढायची म्हटलं तर पुढच्याला नेहमीच्या ताकदीवर १५० वॉट जादा लागतात आणि मागच्याला ४५० वॉट. एकदा जमतं, दहा वेळाही जमतं. शंभर वेळा?

म्हणून म्हणतो, वय मध्ये आणू नका. पण वयाची एक गोष्ट खरी आहे. लांब पल्ल्याचा दम वयाबरोबर हळूहळू उतरतो, झटक्याची ताकद त्याआधी उतरते, आणि एका झटक्यानंतर सावरायलाही वेळ लागतो. मागे बसलेला पन्नाशीचा माणूस नेमकी तीच ताकद दर वळणावर उधळत असतो, जी त्याच्याकडे मोजून-मापून असते. पाचव्यापासून बाराव्या नंबरपर्यंत राहा. तिथे वारा फारसा लागत नाही आणि वळणाचा दंडही थोडाच पडतो.

ही जागा टिकवणं हेच काम आहे, कारण दर लॅपला दोघं-तिघं बाजूने पुढे येतात आणि तुम्ही काहीही न करता मागे सरकता. घोळका मंदावतो तेव्हा पुढे सरका, ताणलेला असतो तेव्हा नको. रस्ताभर पसरून सगळे एकमेकांकडे बघायला लागले की कडेने अलगद चार जागा वर या. वळणाच्या तोंडाशी आतून घुसू नका. तिथे एक जागा मिळते आणि कधीकधी सहा जण पडतात. या शर्यतीतल्या प्रत्येकाला सोमवारी कामावर जायचंय. वळणाआधी ब्रेक, वळताना ब्रेक नाही, आतला पेडल वर, हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर), नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर न ठेवता त्याच्या खांद्यापलीकडे. आपलं पुढचं चाक कुणाच्या मागच्या चाकाच्या बाजूला अडकू देऊ नका.

आता अटॅकबद्दल, म्हणजे अचानक जोर लावून घोळक्यातून सुटण्याबद्दल. सगळ्यांच्या समोर, अगदी पहिल्या नंबरवरून जोर लावलात तर तुमच्या मागे अख्खी रांग फुकट ओढली जाते. सहाव्या-सातव्या नंबरवरून, वेगात बाजूने निघा. वेळ कोणती? मला सगळ्यात आवडते ती प्रीमनंतरची. मध्येच घंटा वाजते, त्या लॅपला जो पहिला येईल त्याला बक्षीस असतं, कधी रोख रक्कम तर कधी टायरची जोडी. दोन-चार जण त्यासाठी जीव तोडून स्प्रिंट मारतात, रेषा ओलांडतात आणि श्वास घ्यायला थांबतात. तो क्षण पकडा. सगळ्यात ताजे पाय तेव्हा तुमचे असतात.

पण ब्रेकअवे, म्हणजे घोळक्यापासून पुढे सुटलेली टोळी, टिकेल का, हे पायांवर ठरत नाही. मागे वळून बघा, कुठल्या क्लबचे किती लोक घोळक्यात आहेत आणि त्यांच्यापैकी कोण तुमच्याबरोबर आलाय. प्रत्येक मोठ्या क्लबचा एकेक माणूस ब्रेकअवेमध्ये असेल तर मागे पाठलाग कोण करणार? त्यांचे साथीदार पुढे येऊन वेग थोडा कमी ठेवतील, वळणं जरा सावकाश घेतील. अशा वेळी आळीपाळीने पुढे येऊन मनापासून ओढा. सगळ्यात मोठा क्लब ब्रेकअवेमध्ये नसेल, तर फार ताकद घालवू नका. ते दोन लॅपमध्ये तुम्हाला धरतील. आणि अंतराचं म्हणाल तर चाळीसच्या वेगाला २० सेकंद म्हणजे सुमारे २२० मीटर. कोर्सवर वळणं जवळजवळ असतील तर तेवढ्यात तुम्ही मागच्यांच्या नजरेआड जाता. नजरेआड झालेल्या माणसामागे जोर लावायला मन तयार होत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय.

दोन नियमही लक्षात ठेवा, कारण नवखे लोक त्यात विनाकारण हरतात. अमेरिकेत बहुतेक क्रिटेरियममध्ये पंक्चर झालं किंवा पडलात, तर पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या जागी, जाऊन एक फ्री लॅप मिळतो, ती चक्कर तुम्हाला माफ होते आणि तुम्ही आपल्याच घोळक्यात परत येता. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात, साधारण शेवटच्या आठ किलोमीटरमध्ये, ही सवलत बंद होते. पिट कुठे आहे, ते सुरू होण्याआधी बघून ठेवा. दुसरं म्हणजे, बऱ्याचदा दोन वयोगट एकत्र सोडतात, निकाल मात्र वेगळे लावतात. तुम्ही ५५च्या गटात असाल आणि ४५च्या गटातला कुणी सुटला, तर त्याच्यामागे धावून तुम्हाला काय मिळणार? आपल्या गटाचे नंबर कोणते, ते स्टार्ट लाइनवर उभ्या उभ्या पाहून घ्या.

[स्क्रीनवर: शेवटचं वळण ते रेषा]

आणि आता शेवटचे पाच लॅप. इथे घोळका दोन्ही बाजूंनी पुढे लोटतो आणि आतापर्यंत निवांत बसलेले लोक अचानक जागे होतात. थोडी ताकद खर्चा, पण पहिल्या आठात राहा. एखादं भरवशाचं चाक निवडा. सरळ चालवणारा, वळणात न डगमगणारा, स्प्रिंटमध्ये तुमच्यापेक्षा थोडा वरचढ असा माणूस. तो कोण, हे तुम्हाला आधीच्या चाळीस मिनिटांत कळलेलं असायला हवं.

शेवटच्या वळणापासून रेषा २०० मीटरवर आहे असं धरा. पहिला माणूस ५०च्या वेगाने १४-१५ सेकंदांत तिथे पोचतो. एका रांगेत तुम्ही दहावे असाल तर त्याच्यामागे २० मीटरहून जास्त आहात. त्याला रेषेवर गाठायचं तर तुम्हाला साधारण ५५चा वेग हवा, आणि वाऱ्याविरुद्ध तेवढ्यासाठी साधारण एक-तृतीयांश जादा ताकद. पंचेचाळिशीत ती कुणाच्या खिशात पडलेली नसते. म्हणून रेषा इतकी जवळ असेल तर वळणात दुसरे किंवा तिसरे शिरा. ४०० मीटर असेल तर चौथा-पाचवा नंबर बरा, कारण पुढचे लवकर सुटतात आणि रेषेआधी विझतात. समोरून वारा असेल तर थांबा, शेवटच्या दीडशे मीटरपर्यंत आडोशाला राहा. पाठीमागून वारा असेल तर आधीच निघा, तेव्हा मागून येणाऱ्याला तुमच्या आडोशाचा फायदा कमी मिळतो.

निघालात की सरळ रेषेत जा, मान खाली घालू नका, आणि रेषेच्या पुढे वीस मीटरवर शर्यत संपते असं समजून पेडल मारा. चौथा-पाचवा नंबर आला तरी हात हँडलवरच ठेवा आणि तसेच सरळ पुढे जात राहा, मागून अजून वीस-पंचवीस जण पन्नासच्या वेगाने येत असतात. मग एक लॅप हलक्या गियरमध्ये मारा आणि ज्याचं चाक धरलं होतं त्याला गाठून विचारा, तो शेवटच्या वळणात कितवा शिरला होता.