डॉजर्सचा आवाज: बेसबॉलची कॉमेंट्री आपल्यापेक्षा वेगळी का?

नमस्कार मंडळी! आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सची मॅच मराठीत ऐका नाहीतर हिंदीत, बोलणारा माणूस चॅनेलचा असतो. मुंबई हरली काय, जिंकली काय, उद्या तो चेन्नईच्या मॅचला बसणार. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तसं नसतं. तिथे प्रत्येक टीमचे ठरलेले कॉमेंटेटर असतात, रेडिओचे आणि टीव्हीचे. सीझनला 162 मॅचेस. म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज घरात तोच आवाज.

यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे डॉजर्स या टीमचे विन स्कली. 1950 मध्ये बाविसाव्या वर्षी ते माइकसमोर बसले, तेव्हा ही टीम न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये होती. निवृत्त झाले 2016 मध्ये. 67 सीझन, एकच टीम!

त्यांचे गुरू रेड बार्बर. बार्बर माइकजवळ तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचे, अंडी उकडताना लावतात ते. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. कारण रेडिओवर माणूस कधीही येतो. आत्ता गाडी सुरू केली, रेडिओ लावला, त्याला आधी स्कोअर हवा. तुमचे किस्से नंतर.

1958 मध्ये टीम लॉस एंजेलिसला गेली आणि तिथल्या कोलिझियममध्ये खेळायला लागली. हे ऑलिंपिकचं अवाढव्य स्टेडियम, मागच्या रांगेतून बॉल दिसायची मारामार. मग लोक काय करायचे? ट्रान्झिस्टर घेऊन यायचे. मॅच समोर चालू, आणि कानाला स्कली! 1960 मध्ये एकदा स्कलींनी रेडिओवर सांगितलं, आज अंपायर फ्रँक उमाँटचा वाढदिवस आहे, मी तीन म्हटलं की ओरडा. अख्खं स्टेडियम ओरडलं. बिचाऱ्या अंपायरला कळेना, यांना सांगितलं कोणी.

आता दुसरी खुर्ची, स्पॅनिशची. माझ्या मते हिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. हाइमे हारीन 1955 मध्ये इक्वाडोरहून आले तेव्हा त्यांना बेसबॉल ठाऊकच नव्हता. 1959 पासून ते डॉजर्सची स्पॅनिश कॉमेंट्री करू लागले. सुरुवातीची काही वर्षं टीम बाहेरगावी खेळायची तेव्हा स्पॅनिशवाले जायचेच नाहीत. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बसायचं, हेडफोनमध्ये स्कलींची इंग्रजी कॉमेंट्री ऐकायची आणि तिथल्या तिथे स्पॅनिशमध्ये बोलायचं. वर प्रेक्षकांच्या आरड्याओरड्याचे रेकॉर्ड केलेले आवाज! करून बघा एकदा, एक ओव्हरसुद्धा जमणार नाही. पुढे 1981 मध्ये फर्नांडो व्हॅलेन्झुएला नावाच्या मेक्सिकन पिचरने (बॉल टाकणारा, आपला बोलर म्हणा) धुमाकूळ घातला, तेव्हा पत्रकारांसमोर त्याचे दुभाषेही हारीनच होते. 2022 मध्ये थांबले, 64 सीझन करून.

रेडिओ आणि टीव्हीत फरक काय, तो एका फटक्यात दाखवतो. 1988, वर्ल्ड सिरीजची, म्हणजे सीझनच्या फायनल मालिकेची, पहिली मॅच. डॉजर्सचा कर्क गिब्सन दोन्ही पायांनी जायबंदी. नवव्या इनिंगमध्ये लंगडत आला आणि मॅच जिंकून देणारा होम रन मारला, म्हणजे आपला सिक्सरच; बॉल बाहेर, आणि मारणारा आरामात सगळे बेस फिरून येतो. स्कली त्या रात्री एनबीसी टीव्हीवर होते. बॉल गेला एवढं सांगितलं आणि मिनिटभराहून जास्त वेळ गप्प. गिब्सन मूठ हलवत बेस फिरतोय, लोक वेडे झालेत, हे सगळं स्क्रीनवर दिसतंच आहे. त्याच वेळी सीबीएस रेडिओवर जॅक बक बसले होते. त्यांना गप्प बसण्याची चैन नव्हती. आत्ता जे पाहिलं त्यावर माझा विश्वासच बसत नाही, असं ते ओरडले. अमेरिकेत दोन्ही क्लिप्स अजून वाजतात. मला विचाराल तर आपल्या टीव्ही कॉमेंटेटर्सना यातली पहिली दर सीझनआधी दाखवावी.

स्कलींच्या खुर्चीत आता जो डेव्हिस (Joe Davis) नावाचा कॉमेंटेटर बसतो. 2024 च्या वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच, पुन्हा डॉजर्स, आणि घोटा दुखावलेल्या फ्रेडी फ्रीमनने शेवटच्या इनिंगमध्ये होम रन मारून मॅच काढली. डेव्हिस त्या रात्री फॉक्सवरून अख्ख्या देशाशी बोलत होता. तरी तोंडातून निघालं, ‘गिबी, मीट फ्रेडी!’ गिबी कोण, हे त्याने सांगितलं नाही. लॉस एंजेलिसमध्ये ते सांगावं लागत नाही.