शरीराबाहेर पक्व होणारे बीज

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर दिसत असलेला हा गोल म्हणजे मानवी स्त्रीबीज आहे. त्याचा व्यास मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग असला, तरी मानवी शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींमध्ये त्याची गणना होते. त्याच्याभोवतीचे पुसट आवरण सोबती पेशींचे असून, त्या पेशी अतिसूक्ष्म धाग्यांवाटे बीजाला पोषक द्रव्ये आणि रासायनिक संदेश पुरवत असतात. बीजपेशी प्रयोगशाळेत वाढवणे कठीण का आहे, याचे मुख्य कारण याच आवरणात आहे. ताटापासून तोडलेल्या ज्वारीच्या कणसात दाणा भरत नाही, तसेच सोबत तुटलेले कोवळे बीज पक्व होत नाही.

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयात 10 ते 20 लाख बीजे असतात, आणि त्यांतील प्रत्येक बीज आपले विभाजन अर्ध्यावर थांबवून असते. हे थांबलेले विभाजन शरीराबाहेर पुन्हा सुरू करता येईल का, हा ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांचा प्रश्न होता. मानवी बीज सुमारे 12 तासांत पक्व होते, असे आधीच्या संशोधनातून मानले जात होते, परंतु त्यांच्या प्रयोगशाळेतील बशीत तेवढ्या वेळात काहीच घडत नव्हते. त्यांनी अधिक काळ वाट पाहण्याचे ठरवले आणि 24 तास उलटून गेल्यानंतर हालचाल दिसली. पूर्ण पक्वतेला सुमारे दीड दिवस लागतो, असे त्यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केले. 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी या धीराच्या निरीक्षणाची मोठी ऋणी आहे.

छत्रपती संभाजीनगर, लातूर आणि नांदेड येथील वंध्यत्व उपचार केंद्रांमध्ये आज जे काम चालते, त्याचा पाया हाच आहे. बीजे आणि भ्रूण ठेवण्याच्या उबदार पेटीत, म्हणजे इनक्युबेटरमध्ये, 37 अंश तापमान, 5 ते 6 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि अनेक ठिकाणी हवेपेक्षा बराच कमी, सुमारे 5 टक्के, ऑक्सिजन राखला जातो. बाहेर मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर असताना आणि वीज केव्हाही जाण्याची शक्यता असताना हे आकडे रात्रंदिवस स्थिर ठेवणाऱ्या एम्ब्रियॉलॉजिस्टचे, म्हणजे भ्रूणतज्ज्ञांचे, कष्ट रुग्णांना सहसा दिसत नाहीत.

मात्र या केंद्रांत येणारे बीज शरीरातच जवळजवळ वाढलेले असते. अगदी सुरुवातीच्या अवस्थेतील बीज बाहेर वाढवणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ज्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला आहे तिच्यासाठी ती फार महत्त्वाची आहे. केमोथेरपीने बीजे नष्ट होऊ शकतात, म्हणून तिच्यापूर्वी अंडाशयाचा तुकडा काढून तो उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवता येतो. परंतु नंतर तो परत शरीरात बसवल्यास त्यासोबत कर्करोगाच्या पेशीही परत जाण्याचा धोका असतो. अशा तुकड्यातून केवळ बीज बाहेर वाढवता आले, तर हा धोका टळेल. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे संशोधक एव्हलिन टेल्फर यांच्या गटाने 2018 मध्ये सुमारे 3 आठवड्यांत टप्प्याटप्प्याने काही मानवी बीजे पक्वतेपर्यंत नेली. शरीरात या वाढीला काही महिने लागतात. त्या बीजांमधून विभाजनाच्या वेळी बाहेर पडणारा ध्रुवीय पिंड, म्हणजे एरवी अगदी लहान असणारी जोडपेशी, मात्र प्रमाणाबाहेर मोठा होता आणि त्यांचे फलन करून पाहिले गेले नव्हते, हे त्या यशासोबतच सांगितले पाहिजे.

जपानमधील क्योटो येथे त्याच वर्षी रक्तपेशींपासून घडवलेल्या मानवी मूलपेशी, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, उंदराच्या अंडाशयातील पेशींच्या सोबतीत सुमारे 4 महिने वाढवून, त्यांतून स्त्रीबीजाच्या पूर्वज पेशी मिळवण्यात आल्या. तेथेही सोबत उसनी आणावी लागली. त्या पूर्वज पेशी होत्या, बीजे नव्हती. त्यामुळे रक्तापासून किंवा त्वचेपासून स्त्रीबीज तयार करून देण्याचे आश्वासन कोणी आज देत असेल, तर दूरच्या तालुक्यातून उसनवारी करून आलेल्या जोडप्याने त्यावर विश्वास ठेवू नये.

मुलग्यांच्या बाबतीत चित्र याहून अपुरे आहे. जपानमध्येच योकोहामा येथे 2011 मध्ये नवजात उंदराच्या वृषणाचे तुकडे 34 अंशांवर, म्हणजे शरीरापेक्षा थोड्या कमी तापमानात वाढवून शुक्राणू मिळवले गेले आणि त्यांपासून निरोगी पिले जन्मली, परंतु माणसात ही पद्धत अद्याप उपचार झालेली नाही. वयात आलेल्या मुलाचे वीर्य गोठवता येते. त्याहून लहान मुलाच्या वृषणाचा तुकडा पुढील संशोधनाच्या भरवशावर काही मोजक्या केंद्रांतच जपून ठेवला जातो. दोन्ही निर्णय केमोथेरपीच्या पहिल्या मात्रेआधी घ्यावे लागतात, आणि मुलाच्या जिवाची काळजी करीत परभणीहून किंवा हिंगोलीहून आलेल्या आईवडिलांना ते स्वतःहून सुचणे शक्य नसते. ते डॉक्टरांनीच आपणहून सांगावे लागतात.