बोअर झालोय! मग इंग्रजीत बोअर्ड की बोअरिंग?

समजा, महापेच्या एखाद्या आयटी कंपनीत तुमचा इंटरव्ह्यू चाललाय. समोरच्या मॅडम विचारतात, ही नोकरी का हवी? तुम्ही ठासून सांगता, "आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब." झालं! नोकरीत रस आहे हे सांगायचं राहिलं बाजूला, आपण भारी रंजक माणूस आहोत असं स्वतःचंच कौतुक करून मोकळे.

नमस्कार मंडळी. आज हीच भानगड सोडवायची. इंटरेस्टेड-इंटरेस्टिंग, टायर्ड-टायरिंग, बोअर्ड-बोअरिंग. शब्दाच्या शेवटी ईडी लावायचं की आयएनजी? आणि ईडी म्हटल्यावर दचकू नका, ही ईडी घरी येत नाही.

बऱ्याच क्लासमध्ये एक सोपा नियम सांगतात: माणूस असेल तर ईडी, वस्तू असेल तर आयएनजी. वहीत लिहून घेतला असेल तर खोडा. "माय बॉस इज बोअरिंग" हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, आणि बॉस माणूसच असतो. निदान कागदोपत्री. "माय बॉस इज बोअर्ड" हेही बरोबर. फरक एवढाच, की पहिल्या वाक्यात बॉसमुळे तुम्हाला जांभया येतायत आणि दुसऱ्यात बॉस स्वतःच जांभया देतोय.

म्हणजे माणूस की वस्तू हे बघायचंच नाही. भावना कुणाला झाली आणि कुणामुळे झाली, हे बघायचं. ज्याला झाली त्याला ईडी, ज्याच्यामुळे झाली त्याला आयएनजी.

[स्क्रीनवर: दमलेला – टायर्ड / दमवणारा – टायरिंग]

हे मराठीत आपण रोज करतो. दमलेला माणूस, दमवणारा प्रवास. घाबरलेलं पोर, घाबरवणारा आवाज. 'लेला' तिथे ईडी, 'णारा' तिथे आयएनजी. घोडबंदर रोडला गायमुख घाटात तासभर अडकलात, तर वैतागलेले तुम्ही, वैताग आणणारं ट्रॅफिक. यू आर फ्रस्ट्रेटेड, द ट्रॅफिक इज फ्रस्ट्रेटिंग. कुणी "आय ॲम फ्रस्ट्रेटिंग" म्हणालं, तर त्याच्यासोबत गाडीत बसायचं की नाही, याचा विचार करा.

मग मराठीत जे आपोआप जमतं, ते इंग्रजीत का घसरतं? माझं मत विचाराल तर दोष आपल्या रोजच्या बोलण्याचा आहे. आपण इंग्रजी शब्द घेतले आणि त्यांची शेपटी छाटून टाकली. "मी बोअर झालो", "पिक्चर बोअर होता", "मी कन्फ्युज झालो", "ती इरिटेट झाली". ज्याला कंटाळा आला तोही बोअर, ज्याने आणला तोही बोअर. मराठीत काही अडत नाही, कारण कोण कशामुळे हे 'मी', 'मला', 'झालो' सांगतात. पण इंग्रजीत बोलताना छाटलेली शेपटी परत जोडायची वेळ येते, आणि कुठली होती तेच आठवत नाही.

त्यात "मला बोअर होतंय" हे वाक्य तर सापळाच. शाळेत आपण काय शिकलो? जातोय म्हणजे गोइंग, खातोय म्हणजे ईटिंग. मग 'होतंय' कानावर पडलं की हात आपोआप आयएनजीकडे जातो आणि तोंडातून निघतं, "आय ॲम बोअरिंग." खरं तर ते 'होतंय' बोअरचं नाहीच. ते वेगळं क्रियापद आहे, आणि इंग्रजीत त्याच्यासाठी गेटिंग आहे. आय ॲम गेटिंग बोअर्ड. आयएनजी गेटला लागलं, बोअरला लागलं ईडी. हे वाक्य दोनदा मोठ्याने म्हणा, घरचे बघतील तर बघू दे.

शंका आली तर करायची एक चाचणी. ठाण्याचंच उदाहरण घेऊ. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावत ठाण्याला आली. चौदा डबे, साधारण ४०० पाहुणे, आणि पुढे बैल नाही की घोडा नाही! आता सरळ क्रियापदाचं वाक्य करा: द ट्रेन ॲस्टॉनिश्ड द पीपल. गाडीने लोकांना चकित केलं. करणारी गाडी, म्हणून द ट्रेन वॉज ॲस्टॉनिशिंग. ज्यांच्यावर परिणाम झाला ती माणसं, म्हणून द पीपल वेअर ॲस्टॉनिश्ड. कुणी केलं, कुणाला झालं, एवढंच शोधायचं.

आता थोडी गंमत. "अ वरीड फेस", "अ सरप्राइझ्ड लुक". चेहरा, नजर ही काय माणसं आहेत? नाहीत, पण काळजी चेहऱ्याच्या मालकाला आहे, चेहऱ्यावर ती नुसती दिसते. म्हणून ईडी. वस्तूवाला नियम इथेही आपटतो.

काही शब्द मात्र आयएनजीला दाद देत नाहीत. माणूस स्केअर्ड, पण भुताची गोष्ट स्केअरी. माणूस स्ट्रेस्ड, नोकरी स्ट्रेसफुल. माणूस इम्प्रेस्ड, भाषण इम्प्रेसिव्ह. हे पाठच करायचे, दुसरा इलाज नाही. आणि आपलं लाडकं "आय ॲम टेन्स्ड"? भारतात सर्रास चालतं, पण परदेशी क्लायंटच्या कॉलवर नुसतं टेन्स म्हणा, नाहीतर वरीड.

ईडीनंतर येणारा छोटा शब्दही जोडीनेच लक्षात ठेवा: इंटरेस्टेड इन, एक्सायटेड अबाउट, टायर्ड ऑफ. पण सांभाळून, टायर्ड ऑफ म्हणजे दमलो नव्हे, विटलो. "आय ॲम टायर्ड ऑफ द लोकल" म्हणजे लोकलचा वीट आलाय. नुसते पाय दुखत असतील तर "टायर्ड आफ्टर द जर्नी" म्हणा.

उच्चाराचं पटकन सांगतो. टी किंवा डीनंतर ईडी आलं की 'इड' ऐकू येतं: एक्सायटिड, इंटरेस्टिड. बोअर्डमध्ये फक्त 'ड'. शॉक्डमध्ये तर चक्क 'ट'. शॉक्ट.

आता तुमची पाळी. ठाणे स्टेशन, संध्याकाळची गर्दी, आणि ऐन वेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा. रिकाम्या जागा भरा.

[स्क्रीनवर: द अनाउन्समेंट वॉज कन्फ्यूझ–––. एव्हरीवन लुक्ड कन्फ्यूझ–––. अ मॅन विथ ॲन इरिटेट––– व्हॉइस स्टार्टेड शाउटिंग.]

पहिल्या दोन जागा आता तुम्ही झोपेतही भराल. तिसऱ्या जागी ईडीही बसतं आणि आयएनजीही. कोणतं लावलं तर तो वैतागलेला, आणि कोणतं लावलं तर त्याच्या आवाजाने तुम्ही वैतागलेले, ते सांगा.